नगरसेवक (नगरपरिषद)

नगरसेवक हा नगरपरिषदेच्या एखाद्या प्रभागातून प्रौढ मतदानाने निवडून आलेला लोकप्रतिनिधी होय. स्त्री-सदस्यास व्यवहारात ‘नगरसेविका’ म्हणतात. कायद्याच्या व कार्यालयीन भाषेत मात्र या पदाचा उल्लेख ‘सदस्य’ असाच होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांमधील नगरसेवकाचे अधिकार, प्रभागातील दुरुस्त्या, रस्तासुरक्षा व नागरिकांच्या तक्रारी यांच्या संदर्भातील त्याची भूमिका यांचा परिचय दिला आहे. उदाहरणासाठी प्रामुख्याने अकोला जिल्ह्यातील तेल्हारा हे तालुक्याचे गाव घेतले आहे. महानगरपालिकेतील नगरसेवकाला लागू होणारा कायदा वेगळा असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

कायदेशीर चौकट

ब्रिटिश काळात लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना चालना मिळाली. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले असल्याने येथील नगरपालिकांचा कारभार पुढे मध्यप्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याखाली चालत असे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा येथील कायदे निराळे होते. राज्यनिर्मितीनंतर हे सर्व कायदे रद्द करून ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ हा एकच कायदा करण्यात आला. (‘नगरपंचायती’ हा शब्द त्याच्या नावात नंतरच्या दुरुस्तीने आला.) भारतीय राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले, पाच वर्षांची मुदत निश्चित झाली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय नमूद झाले. रस्ते व पूल, घरगुती पाणीपुरवठा, घनकचरा, दिवाबत्ती, स्मशानभूमी, जन्म-मृत्यू नोंद हे त्यांपैकी काही.

लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग पडतात. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्ग आणि त्याहून लहान ती ‘क’ वर्ग. तेल्हारा ‘क’ वर्गात मोडते. हा भेद केवळ नावाचा नाही. ‘क’ वर्गातील नगरपरिषदेत अभियंते, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक अशी पदे मोजकी असतात आणि ती रिक्त राहिली की नगरसेवकाने कितीही पाठपुरावा केला तरी कागद पुढे सरकत नाही.

नगरसेवकाला काय करता येते?

नगरसेवक हा अधिकारी नाही. एखादी नाली उपसण्याचा, पथदिवा बसवण्याचा किंवा खड्डा बुजवण्याचा आदेश देण्याचा अधिकार कायद्याने त्याला एकट्याला दिलेला नाही. प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो. तो राज्य शासनाचा अधिकारी असून कर्मचारी त्याच्या नियंत्रणाखाली काम करतात. नगरपरिषदेची इच्छा ठरावातून व्यक्त होते आणि ठराव सभेत बहुमताने होतो. तोही अंतिम असतोच असे नाही, कारण कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी निलंबित करू शकतात.

मग एकट्या सदस्याकडे उरते काय? अधिनियमाने त्याला काही वैयक्तिक हक्क दिले आहेत. नगरपरिषदेच्या कामातील हयगय, मालमत्तेची नासाडी किंवा एखाद्या वस्तीची गरज यांकडे तो संबंधितांचे लक्ष वेधू शकतो. सुधारणा सुचवू शकतो. कारभाराविषयी प्रश्न विचारू शकतो. आणि रीतसर सूचना देऊन कार्यालयीन वेळेत नगरपरिषदेचे अभिलेख पाहू शकतो. हा शेवटचा हक्क सर्वांत कमी वापरला जातो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. त्याचे कारण पुढे दुरुस्तीच्या प्रक्रियेत स्पष्ट होईल.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते. त्याखेरीज ठरावीक संख्येने सदस्यांनी लेखी मागणी केल्यास विशेष सभा बोलावता येते. सभेत बहुमताविरुद्ध मत नोंदवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे शासननियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्यास विरोध करणारे ते एकमेव सदस्य ठरले. त्या एका मताने खर्च थांबला नाही. पण नोंद राहिली, आणि आज आपल्याला ती ठाऊक आहे.

निवडून आलेल्या सदस्यांखेरीज काही नामनिर्देशित, म्हणजे रूढ भाषेत ‘स्वीकृत’, सदस्य असतात. त्यांना चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही.

तेल्हारा: जमीन, पाणी आणि रस्ता

तेल्हारा हे अकोला जिल्ह्याच्या वायव्य भागात सातपुड्याच्या पायथ्याखालील सपाट प्रदेशात वसले आहे. तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूजल खारट असल्याने विहीर किंवा हातपंप हा पिण्याच्या पाण्याचा भरवशाचा आधार ठरत नाही. शहराची भिस्त वारी भैरवगड येथील वान प्रकल्पाच्या, म्हणजेच हनुमान सागराच्या पाण्यावर आहे. याच जलाशयातून अकोट, शेगाव यांसारख्या शहरांनाही पाणी जाते. साहजिकच जलवाहिनी फुटली किंवा पाणी दोन-चार दिवस लांबले की पहिला फोन नगरसेवकाला जातो, जरी बिघाड शहराच्या हद्दीपासून कितीतरी दूर असला तरी.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. वऱ्हाडची कापसाची ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या मातीवर पुरेसा मुरूम व खडीचा थर न देता केलेला रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो. जलवाहिनीसाठी खोदलेला चर नीट दाबून न भरल्यास तो भाग आधी फुगतो, मग बसतो आणि तेथे आडवी खाच तयार होते. जमीन सपाट असल्याने नालीला उतार मिळत नाही. बांधताना दोन-तीन बोटांची चूक झाली तरी पाणी साचून राहते. त्यातच जुना रस्ता न खरडता त्यावर नवा काँक्रीटचा थर चढवण्याची पद्धत रूढ झाली आहे. दर वेळी रस्ता वर येतो आणि घराचा ओटा खाली जातो. पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचे पाणी घरात शिरते, तेव्हा ज्या नगरसेवकाने तो रस्ता मंजूर करून आणला त्याच्याच दारात लोक जमतात. रस्ता मागतानाच ‘जुना थर काढून पातळी राखावी’ अशी अट ठरावात घालून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. तो सहसा केला जात नाही.

एका दुरुस्तीचा प्रवास

किरकोळ काम, उदाहरणार्थ बंद पडलेला दिवा किंवा तुंबलेली नाली, नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांकडून किंवा वार्षिक ठेक्यातून होते. येथे नगरसेवकाचा एक फोन पुरतो आणि लोकांच्या मनातील त्याची प्रतिमा बहुधा याच कामांवर बनते.

भांडवली कामाचा मार्ग लांबचा आहे. प्रभागातील सिमेंट रस्ता घेतला तर आधी अभियंता जागेची पाहणी करून शासकीय दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करतो. त्याला सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता आणि नंतर प्रशासकीय मान्यता लागते. पुढे निविदा, दरांची तुलना, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. काम चालू असताना मोजमापे मोजमाप पुस्तिकेत नोंदवली जातात व त्यावरून देयक निघते. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता आली की नवी कामे थांबतात. त्यामुळे दिवाळीपूर्वी मागितलेला रस्ता पुढच्या पावसाळ्याआधी झाला तर तो वेळेत झाला असे समजावे.

करारनाम्यात ‘दोष दायित्व कालावधी’ असतो. या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून देणे बंधनकारक असते आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे राहते. अभिलेख पाहण्याचा हक्क येथे उपयोगी पडतो. रस्ता कोणत्या दिवशी पूर्ण झाला, मुदत कधी संपते, अनामत परत केली काय, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतात. ती पाहणारा नगरसेवक नव्या निधीची मागणी न करता जुन्याच ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेऊ शकतो. न पाहणारा तोच रस्ता नव्या नावाने पुन्हा मंजूर करून आणतो.

निधीची बाजूही समजून घेतली पाहिजे. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. मालमत्ता कर व पाणीपट्टी ही स्वतःची उत्पन्ने. लहान शहरांत त्यांची वसुली अपुरी असते. उरलेली कामे वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, नागरी वस्ती सुधारणा, वैशिष्ट्यपूर्ण कामे अशा योजनांमधून होतात. वित्त आयोगाच्या निधीतील मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेला असल्याने तो रस्त्यावर खर्च करता येत नाही. ‘पैसा आला तरी आमचा रस्ता का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

रस्तासुरक्षा

शहरातील रस्ता दिसायला एक असला तरी त्याची मालकी एक नसते. हिवरखेड, आडसूळ, वरवट बकाल या दिशांना तेल्हाऱ्याहून जाणारे मार्ग शहरांतर्गत गल्लीबोळांप्रमाणे नगरपरिषदेचे नाहीत. असे मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे असतात. एस.टी. आगार, बाजार समिती, शाळा आणि तहसील यांच्यामुळे वर्दळ मात्र शहरातच दाटते. कापसाच्या हंगामात मालाने भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, दुचाकी आणि पायी जाणारी शाळकरी मुले एकाच पट्ट्यातून चालतात. या रस्त्यांवर नगरसेवकाला पत्र देणे, सभेत ठराव करवून तो संबंधित विभागाकडे पाठवणे आणि पोलिसांसह संयुक्त पाहणीचा आग्रह धरणे एवढेच करता येते.

अपघात झाला की पहिली मागणी गतिरोधकाची होते. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक साधारण ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावर पट्टे रंगवावेत आणि अलीकडे सूचनाफलक लावावा. प्रत्यक्षात गल्लीतील लोकांच्या समाधानासाठी रातोरात टाकलेला हातभर रुंदीचा, बिनरंगाचा उंचवटा हा स्वतःच अपघाताचे कारण ठरतो. मागे बसलेली स्त्री दुचाकीवरून फेकली जाते ती अशाच ठिकाणी. मतदारांना ‘नाही’ म्हणण्याचे हे काम अवघड आहे, पण नगरसेवकाच्या कर्तव्यात ते येते.

खड्ड्यांबाबत कायद्याची बाजू आता अधिक कठोर झाली आहे. चांगले रस्ते मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत हाताळावा, असेही बजावले. यामुळे तोंडी तक्रार आणि लेखी तक्रार यांतील अंतर फार मोठे झाले आहे. तारीख, वेळ आणि ठिकाण नमूद केलेले पत्र आवक क्रमांकासह नोंदले गेले असेल, तर खड्डा ‘निदर्शनास आला’ हे सिद्ध करता येते.

प्रभाग, आरक्षण आणि पाठपुरावा

नगरपरिषदांच्या अलीकडील निवडणुकांत साधारणतः एका प्रभागातून दोन सदस्य निवडले जातात. नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून होत असल्याने मतदार त्यासाठी आणखी एक मत देतो. थेट निवडीची पद्धत २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. द्विसदस्यीय प्रभागात श्रेय दोघे घेतात आणि जबाबदारी एकमेकांकडे जाते, असा अनुभव सर्वत्र सांगितला जातो.

महिलांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. अनेक ठिकाणी कारभार पती पाहतात ही टीका खोटी नाही. मात्र नळ, नाली व दिवा हे विषय घरातील स्त्रीलाच आधी जाणवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निवडून आलेल्या नगरसेविका सभेत स्वतः बोलतात, हेही तितकेच खरे आहे. आरक्षणाच्या सोडतीमुळे प्रभाग बदलतो, आणि पाच वर्षे चालवलेला पाठपुरावा पुढच्या सदस्याकडे कागदपत्रांसह क्वचितच जातो.

सदस्याने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध असणे, थकबाकी असणे याही अपात्रता आहेत.

प्रशासक काळ

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वादांमुळे निवडणुका लांबल्या. या काळात कारभार प्रशासकांकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिलेल्या आदेशानंतर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका घेण्यात आल्या. तेल्हारा त्यांत होते.

मधल्या चार वर्षांत कामे पूर्ण थांबली असे म्हणता येणार नाही. ठराव एकाच सहीने होत असल्याने काही कामे जलदही झाली. थांबला तो प्रश्न विचारण्याचा क्रम. सभा नव्हती, म्हणून विषयपत्रिका नव्हती. विरोधी मताची नोंद नव्हती. आणि रात्री नऊ वाजता जलवाहिनी फुटली तर कोणाच्या दारात जावे हे गल्लीला ठाऊक नव्हते. माजी नगरसेवकांकडे लोक जात राहिले, पण त्यांच्या हाती अभिलेख पाहण्याचा हक्क उरला नव्हता.

नागरिकांसाठी अन्य मार्ग

ग्रामसभेच्या धर्तीवर शहरांत ‘क्षेत्र सभा’ घेण्याची तरतूद २००९ मध्ये कायद्यात झाली. नगरसेवकाने अध्यक्षस्थानी बसावे आणि मतदारांनी कामांचा प्राधान्यक्रम सुचवावा अशी ती कल्पना. प्रत्यक्षात अशा सभा फारच थोड्या ठिकाणी झाल्या. गावातील माणसाला ग्रामसभेत असलेला आवाज तालुक्याच्या शहरात आल्यावर हरवतो तो येथे. त्याखेरीज दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील व तिसऱ्या सोमवारी तालुका स्तरावरील लोकशाही दिन, ‘आपले सरकार’ संकेतस्थळ, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आणि २००५ चा माहितीचा अधिकार ही साधने नागरिकाला नगरसेवकाच्या मध्यस्थीविना वापरता येतात. सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मिळू शकते. आपल्या प्रभागाचा विषय सभेत आला काय, कोणी मांडला आणि मतदान झाले असल्यास कोणी कोणत्या बाजूने केले, हे त्यातून कळते.