दोन लिपींचे लेखक

तुमच्यापैकी पुष्कळांनी ‘ईदगाह’ ही कथा वाचली असेल. जत्रेतील खेळणी आणि मिठाई सोडून म्हाताऱ्या आजीसाठी लोखंडी चिमटा घेणारा छोटा हामिद कोण विसरेल? हीच कथा हिंदी शाळेतील मुलेही वाचतात आणि ती आपल्या भाषेतली आहे असे सांगतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या कथेचे लेखक प्रेमचंद उर्दूतही लिहीत आणि हिंदीतही. एकाच लेखकाला दोन्ही भाषा आपला मानतात. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रेमचंदांचे खरे नाव धनपतराय. ३१ जुलै १८८० रोजी बनारसजवळच्या लमही या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. त्या काळी त्या भागात कायस्थ घरातील मुलांना आधी उर्दू आणि फारसी शिकवीत. धनपतही जवळच्या गावी एका मौलवीसाहेबांकडे शिकायला जात असे.

आई लहानपणीच वारली. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली. तेथे बुद्धिलाल नावाच्या पुस्तकविक्रेत्याचे दुकान होते. धनपतला वाचनाचे वेड लागलेले, पण पुस्तके विकत घ्यायला खिशात पैसे नाहीत! मग त्याने एक युक्ती काढली. दुकानातील अभ्यासाची मार्गदर्शके शाळेत नेऊन मुलांना विकायची आणि त्या बदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायच्या. सरशार, शरर यांच्या कादंबऱ्या, ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड भाग, जे हाती लागेल ते त्याने वाचून काढले. शाळेत जे मिळाले त्याहून अधिक त्याला या दुकानात मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

वडिलांच्या निधनानंतर घरचा भार त्यांच्यावर पडला. एकदा तर गणिताचे दोन रुपयांचे पुस्तक एका रुपयाला विकण्याची पाळी आली. त्याच दुकानात चुनारच्या एका शाळेचे मुख्याध्यापक भेटले आणि महिना १८ रुपयांची शिक्षकाची नोकरी मिळाली. ही १८९९ सालची गोष्ट.

नोकरी करता करता ते उर्दूत लिहू लागले. घरी त्यांना लाडाने ‘नवाब’ म्हणत. म्हणून ‘नवाबराय’ हे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. कानपूरच्या ‘जमाना’ मासिकात त्यांचे लेखन येऊ लागले. १९०८ मध्ये ‘सोज-ए-वतन’ हा त्यांचा कथासंग्रह निघाला. त्यात पाच कथा होत्या. देशाच्या स्वातंत्र्यासाठी सांडलेला रक्ताचा थेंब हेच जगातील सर्वांत मोलाचे रत्न, अशी त्यातील एका कथेची कल्पना.

लेखक सरकारी नोकर आणि कथा अशा! व्हायचे तेच झाले. तेव्हा ते हमीरपूर जिल्ह्यात शाळा तपासनिसाचे काम करीत होते. जिल्ह्याच्या इंग्रज कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले. पुस्तक समोर ठेवून एकेका कथेचा अर्थ विचारला आणि या कथा राजद्रोही आहेत असे ठरवले. शिल्लक असलेल्या शेकडो प्रती सरकारने घेतल्या आणि जाळून टाकल्या. यापुढे जे काही लिहाल ते छापण्यापूर्वी आम्हांला दाखवले पाहिजे, असा हुकूमही झाला. सतत लिहिणाऱ्या माणसाने प्रत्येक कागद कलेक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, म्हणजे लेखन बंद करण्यासारखेच होते.

त्यांनी लेखन बंद केले नाही, नाव बदलले. ‘जमाना’चे संपादक दयानारायण निगम यांनी ‘प्रेमचंद’ हे नाव सुचवले. १९१० मध्ये ‘बडे घर की बेटी’ ही कथा या नव्या नावाने छापली गेली. नवाबराय हे नाव मागे पडले. पुढे फेब्रुवारी १९२१ मध्ये, गोरखपूरला महात्मा गांधींचे भाषण ऐकल्यानंतर, त्यांनी सुमारे वीस वर्षांची सरकारी नोकरीही सोडली.

आता लिपीकडे वळू. प्रेमचंद हिंदीकडे का गेले? पुष्कळ लोक याची मोठमोठी कारणे सांगतात. एक कारण अगदी साधे होते. उर्दू पुस्तकांना प्रकाशक मिळणे कठीण झाले होते. ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी त्यांनी उर्दूत लिहिली, पण ती आधी छापली गेली हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने. कलकत्त्याच्या हिंदी प्रकाशकाने तिचे ४५० रुपये दिले. उर्दू पुस्तक काही वर्षांनी लाहोरला निघाले, त्याचे २५० रुपये मिळाले. लेखणीवर घर चालवणाऱ्याला हा फरक लहान नव्हता.

परंतु हिंदीत लिहू लागले म्हणून त्यांनी उर्दू सोडली नाही. कित्येक वर्षे ते मूळ लेखन उर्दूतच करीत आणि मग त्याला हिंदी रूप देत किंवा देववीत. ‘कायाकल्प’ (१९२६) ही कादंबरी मात्र त्यांनी पहिल्यापासून हिंदीत लिहिली. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत केवळ अक्षरे बदलली असे मात्र नाही. शब्द बदलत, म्हणी बदलत, कधी प्रसंगही थोडे वेगळे होत.

नुसती नावे पाहिली तरी ही गंमत कळते. ‘बाजार-ए-हुस्न’ या नावात बोट आहे ते बाजाराकडे, जेथे स्त्रीच्या रूपाची किंमत होते. ‘सेवासदन’ या नावात बोट आहे ते अनाथ मुलींच्या त्या घराकडे, जेथे कथेची नायिका शेवटी पोहोचते. कादंबरी एकच, पण उर्दू वाचक पुस्तक उघडतो ते दुखणे पाहून आणि हिंदी वाचक उपाय पाहून. ‘रंगभूमी’चे उर्दू नाव ‘चौगान-ए-हस्ती’. (मराठीत ‘हस्ती’ म्हणजे हत्ती; येथे मात्र अर्थ जीवन असा आहे.) चौगान म्हणजे घोड्यावर बसून काठीने चेंडू मारण्याचा खेळ. या कादंबरीतील आंधळा भिकारी सूरदास जगण्याकडे खेळ म्हणूनच पाहतो, हरला तरी रडत नाही. मला विचाराल तर येथे उर्दू नावच अधिक नेमके आहे. ‘कर्मभूमी’ आणि ‘मैदान-ए-अमल’ ही नावे मात्र एकमेकांची सरळ भाषांतरे आहेत.

तुम्ही मराठी शिकता म्हणजे देवनागरी लिपी तुम्हांला येते. तेव्हा प्रेमचंदांची एखादी कथा दोन्ही रूपांत समोरासमोर ठेवून वाचणे तुम्हांला सहज जमेल. ‘शतरंज के खिलाडी’ आणि ‘शतरंज की बाजी’ या जोडीपासून आरंभ करा.

पैशांची ओढाताण कधीच संपली नाही. बनारसला त्यांनी सरस्वती प्रेस काढला, १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. दोहोंनी कर्ज वाढवले. ते फेडावे म्हणून १९३४ मध्ये ते मुंबईला अजंता सिनेटोन या चित्रपट कंपनीत आले आणि दादरला राहिले. गिरणी कामगारांवर त्यांनी लिहिलेला ‘मजदूर’ हा चित्रपट मालकवर्गाला खपला नाही. प्रेमचंदांनाही ते जग मानवले नाही. वर्षभरात ते बनारसला परतले.

त्यांची ‘कफन’ ही गाजलेली कथा डिसेंबर १९३५ मध्ये ‘जामिया’ या उर्दू मासिकात आली आणि नंतर हिंदीत. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाली. पाठोपाठ आजारपण आले. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी हातात होती. तिचा नायक लेखक आहे. आयुष्यभर लिहून त्याने नाव मिळवले, पण घरात पैसा आणला नाही. तिची जेमतेम चार प्रकरणे लिहून झाली होती.