सूडाचे सिनेमे आपल्याला का आवडतात? आणि त्यांची गोष्ट कुठे फसते?

घरच्यांचा खून होतो. पोलीस हात वर करतात. हिरो दाढी वाढवतो आणि एकेकाला शोधून मारतो.

ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. तरीही ‘गजनी’ (2008) असो की हॉलिवूडचा ‘जॉन विक’ (2014), मीरा-भाईंदरच्या मल्टिप्लेक्सपासून गावातल्या टीव्हीपर्यंत आपण सूडपट बघतोच. असं का होतं?

तीन तासांत हिशेब चुकता

खऱ्या आयुष्यात तक्रार, तपास, आरोपपत्र आणि मग तारखांवर तारखा. निकाल लागेपर्यंत साक्षीदार थकतात, फिर्यादीचं वय होतं. सिनेमात मध्यंतराआधी अन्याय होतो आणि शेवटी त्याचा हिशेब लागतो. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला हे बघून बरं वाटतं, यात नवल नाही.

मग खोट कुठे आहे?

पहिली खोट म्हणजे गुन्हेगार कोण, याबद्दल शंकाच नसते. गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला असतो, त्यामुळे हिरो चुकीच्या माणसाला मारेल अशी भीती वाटत नाही. खऱ्या तपासात ही सोय नसते.

दुसरी खोट म्हणजे बायको किंवा बहीण अनेकदा फक्त मरण्यापुरती येते. गोष्ट तिच्यावरच्या अन्यायाची, पण पडदाभर हिरोचा राग.

तिसरी खोट, शेवटचा व्हिलन पडला की सिनेमा संपतो. हिरोचं पुढे काय झालं, हे कुणी दाखवत नाही.

‘बदलापूर’ने वेगळं काय केलं?

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ (2015) नेमका तिथेच थांबत नाही. (सिनेमा पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) बायको-मुलगा गमावलेला रघू वर्षानुवर्षं सूड जपतो आणि त्यापायी स्वतःच खुनी होतो. शेवटी त्याच्या खुनांचा आळ स्वतःवर घेतो तो लायक, म्हणजे ज्याचा सूड घ्यायचा होता तोच. रघू सुटतो, पण त्याच्या हाती काहीच उरत नाही.

सिनेमा रस्त्यावर आला तेव्हा

ठाणे जिल्ह्यातलं हेच बदलापूर ऑगस्ट 2024 मध्ये पेटलं. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि लोकांनी रेल्वे रोखली. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबईत ‘बदला पुरा’ अशी पोस्टर लागली.

जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला. गाडीतल्या पाच पोलिसांनी केलेला बळाचा वापर समर्थनीय नव्हता, असा त्याचा निष्कर्ष होता.

मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. त्याच्यावरचे पुरावे कोर्टात तपासले जात नाहीत, तो दोषी होता असा निकालही लागत नाही. पोस्टरवर हिशेब पूर्ण झाला, कोर्टात तो अर्धाच राहिला.

मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2023 मध्येच सांगितलं होतं की, ‘सिंघम’सारखे सिनेमे झटपट न्यायाचा घातक संदेश देतात.

म्हणून सूडपट बघू नयेत का? खुशाल बघा, शिट्ट्याही वाजवा. फक्त उद्या मोबाइलवर ‘ठोकून टाका’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एक विचारा: हे याच माणसाने केलं, हे ठरवलं कुणी?