बॅटरी उतरली, पण दोष कुणाचा?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताई, हे काम गॅरेजवाल्याचं, आपल्याला काय करायचंय? पण आपल्या बीड जिल्ह्यात आता गटाच्या कर्जातून छोटा हत्ती, ॲपे, जुनी जीप घेतलेल्या बाया आहेत. कर्जाच्या कागदावर सही आपली असते. मग सकाळी गाडी चालू का झाली नाही, हे कळणंही आपलंच काम.

आमच्या एका गटातल्या ताईंचा टेम्पो भाजी घेऊन नेकनूरच्या बाजाराला जातो. एक दिवस सेल्फ मारला, गाडी उठेना. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली. ताईंनी गटातून पाच हजार उचलून नवी बसवली. पंधरा दिवसांत तीही उतरली. मग नीट बघितलं, तर डायनामोचा बेल्ट ढिला होता. बेल्ट ताणला आणि काम झालं. पाच हजारांचं कर्ज मात्र व्याजासकट फेडावं लागलं. म्हणून आजची गोष्ट एकच: मोजल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही.

आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीसारखंच हे आहे. बॅटरी म्हणजे टाकी. इंजिनावर बेल्टने फिरणारा डायनामो, ज्याला अल्टरनेटरही म्हणतात, तो टाकी भरणारा नळ. सेल्फ म्हणजे एकदम मोठा हंडा उपसणारा. आता टाकी रिकामी दिसली तर कारणं तीनच: टाकी फुटकी आहे, नळाला पाणी येत नाही, नाहीतर रात्री कुणी तोटी उघडी ठेवली. यातलं नेमकं काय झालं हे शोधायचं.

सुरुवात डोळ्यांनी करा. गाडी बंद, चावी काढलेली. बॅटरीच्या दोन्ही टोकांवरचे टर्मिनल हाताने हलवून बघा. हलले तर ढिले आहेत. त्यावर पांढरा-हिरवट क्षार जमला असेल तर करंट नीट जात नाही. बॅटरीचं पोट फुगलंय का, बेल्ट चिरलाय का, ढिला आहे का, तेही बघा. पुष्कळदा दोष इथेच सापडतो. टर्मिनल साफ करताना वजा खुणेची वायर आधी काढायची आणि शेवटी जोडायची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा.

मग कानांनी. हेडलाइट लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. नुसतं टक-टक-टक वाजलं आणि लाइट मंद झाले, तर करंट कमी पडतोय. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिले आहेत. एकच टक आवाज आला आणि लाइट तसेच लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर घ्या. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे, डिझेल-पेट्रोलकडे बघा.

आता मोजमाप. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गटाने मिळून एक घेतला तरी सगळ्यांना पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. लाल तार अधिकला, काळी वजाला. मापं तीन घ्यायची.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे टाकी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी.

दुसरं माप सेल्फ मारताना. आकडा खाली येणारच. पण भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली घसरत असेल तर ती थकलीय असं समजा. बॅटरी आधीच उतरलेली असेल तर हे माप चार्ज केल्यावरच घ्या, नाहीतर निकाल चुकतो.

तिसरं माप गाडी चालू असताना. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर नळ नीट वाहतोय. हेडलाइट आणि पंखा लावल्यावरही आकडा १३ च्या वर टिकला पाहिजे. गाडी चालू असून १२.५ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाही: बेल्ट, वायर, डायनामोचे कार्बन किंवा रेग्युलेटर तपासायला सांगा. १५ च्या वर गेला तर चार्जिंग जास्त होतंय, बॅटरीतलं पाणी उकळून आटतं. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एकाच मापावर निकाल देऊ नका.

राहिली उघडी तोटी. चार्जिंग बरोबर, तरी सकाळी बॅटरी उतरलेलीच? मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि रात्री वजाची वायर काढून ठेवा. सकाळी आकडा टिकला तर बॅटरी चांगली आहे, गाडीत कुठेतरी करंट खातोय: आतला दिवा, टेप, नंतर बसवलेला हॉर्न. वायर काढूनही आकडा उतरला तर बॅटरीच खराब. मग खुशाल बदला.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवाही ओळखून ठेवा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर डायनामो भरत नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असतो. बेल्ट तुटला तर इंजिन तापतं, तेव्हा गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. मांजरसुंब्याच्या घाटात रात्री अडकण्यापेक्षा निघतानाच हा दिवा बघितलेला बरा. कुणाला बाळंतपणासाठी अंबाजोगाईला न्यायचं असेल, तेव्हा तर नक्कीच.

एक गोष्ट अजिबात करू देऊ नका. काही मेकॅनिक गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढतात आणि गाडी बंद पडते का बघतात. त्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायनामोचे डायोड, नव्या गाडीचा कॉम्प्युटरही जळू शकतो. मीटर असताना या परीक्षेची गरजच नाही.

आपल्याकडे उन्हाळा चाळिशीपार जातो आणि बॅटरीचा खरा शत्रू उष्णताच. पाणी भरायच्या बॅटरीत उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं क्षाराचं पाणी नको, ॲसिडही नको. ऊसतोडीला जाताना गाडी पाच-सहा महिने घरी उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून वजाची वायर काढून जा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही.

काम करताना पदर खोचा, वेणी बांधा, फिरत्या बेल्टपासून लांब राहा. धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. टर्मिनलला लागली तर ठिणगी पडते, हात भाजतो. चार्ज होताना पेटणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर १५-२० मिनिटं भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसं लेकरांना विषासारखं. ती दुकानात परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. पक्कं बिल आणि तारीख घातलेलं वॉरंटी कार्ड मागून घ्या.

शेवटचं सांगते. गटाच्या रजिस्टरला मागे एक पान ठेवा: तारीख, सकाळचं माप, सेल्फचं माप, चालू गाडीचं माप. गॅरेजला जाताना ते आकडे सांगा. आकडे सांगणाऱ्या बाईला कुणी उगाच बॅटरी विकत नाही.