लिहायचा ‘ल’, म्हणायचा नाही

वर्गाच्या हजेरीपटावर एक ‘अब्दुल करीम’ असतो आणि एक ‘अब्दुर्रहमान’. करीमच्या आधी ‘ल’ आहे, मग रहमानच्या आधीचा ‘ल’ गेला कोठे? कधी तर एकाच मुलाचे नाव एका कागदावर ‘अब्दुल रहमान’ आणि दुसऱ्यावर ‘अब्दुर्रहमान’ असे असते. अशा वेळी यातले चूक कोणते?

ही नावे अरबी आहेत. अरबीत नामाआधी ‘अल्’ हे उपपद लावतात. ‘कमर’ म्हणजे चंद्र. त्याचे होते ‘अल्-कमर’. ‘शम्स’ म्हणजे सूर्य. लिहिताना ‘अल्-शम्स’ असेच लिहितात, पण उच्चारतात मात्र ‘अश्-शम्स’. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 अक्षरांपूर्वी ‘ल्’ असाच पुढच्या ध्वनीत मिसळून जातो. या अक्षरांना ‘सूर्याक्षरे’ आणि उरलेल्या 14 अक्षरांना ‘चंद्राक्षरे’ म्हणतात.

ही विभागणी कशावरून झाली? विद्यार्थ्यांना ‘ल्’ म्हणून तसेच थांबायला सांगा. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेले असेल. आता त, द, न, र, स, श म्हणायला सांगा. जिभेचा पुढचा भागच तेथे किंवा जवळपास काम करतो. हीच सूर्याक्षरे. ‘ब’, ‘म’ ओठांनी होतात, ‘क’ जिभेच्या मागच्या भागाने. ही चंद्राक्षरे. एकाच ठिकाणी लागोपाठ दोन वेगळ्या हालचाली करण्याऐवजी जीभ एकच हालचाल लांबवते.

आपल्याला हे नवे नाही. सत् + जन = सज्जन, तत् + लीन = तल्लीन हे संधी आपण शिकवतोच. फरक इतकाच, की आपण बदललेला ध्वनी लिहितो. अरबीत ‘ल्’ लिहिलेलाच राहतो आणि पुढच्या अक्षरावर द्वित्वाची खूण करतात. पुष्कळदा तीही गाळतात.

बोलीभाषा याही पुढे जातात. ‘बाजू’ या अर्थाचा ‘जन्ब’ हा शब्द कैरोत ‘गम्ब’ होतो. ओठांनी म्हणायच्या ‘ब’ने ‘न’लाही ओठांवर आणले! व्याकरणात ‘ज’ हे चंद्राक्षर आहे, कारण पूर्वी त्याचा उच्चार जिभेच्या आणखी मागच्या भागाने होत असे, असे मानतात. लेबनॉनच्या बोलीत तो आता पुढे सरकला आहे. तेथे ‘जबल’ म्हणजे डोंगर. त्याच्याआधीचा ‘ल्’ही बोलताना नाहीसा होतो. पुस्तकातली यादी तीच राहिली, जिभेने मात्र नियम पाळला.

आता हजेरीपटाकडे वळू. ‘अब्दु’ आणि ‘अल्-रहमान’ जोडताना ‘अल्’मधला ‘अ’ गळतो आणि ‘ल्’चा ‘र्’ होतो. कमरुद्दीन या नावात चंद्र असूनही ‘ल्’ टिकत नाही, कारण त्याच्यापुढे ‘दीन’चा ‘द’ आहे. म्हणजे ‘अब्दुल रहमान’ लेखनाला धरून आहे, ‘अब्दुर्रहमान’ उच्चाराला. चूक कोणतेच नाही. घरचे जसे लिहितात तसेच नाव सगळ्या कागदांवर ठेवावे, म्हणजे पुढे त्या मुलाची अडचण होणार नाही.