अंगकाठीवरून मन ओळखता येते काय?

लठ्ठ माणूस दिलखुलास, किडकिडीत माणूस एकलकोंडा, हा समज जुना आहे. त्याला शास्त्राचा दर्जा देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न जर्मन मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट क्रेश्मर यांनी केला. ट्युबिंगेन येथे काम करीत असताना १९२१ मध्ये त्यांनी शरीराचा बांधा आणि स्वभाव यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे २६० रुग्णांच्या निरीक्षणातून त्यांनी कृश, पीळदार आणि गोलसर असे तीन बांधे ठरविले. यांत न बसणाऱ्यांसाठी एक चौथा गट होताच; वर्गीकरण करणाऱ्यांना अशी अडगळीची खोली नेहमीच लागते.

गोलसर बांध्याच्या व्यक्तींत उन्माद आणि अवसाद यांचे आलटूनपालटून झटके येणारा विकार, म्हणजे आजच्या भाषेत बायपोलर, अधिक आढळतो. कृश व्यक्तींत स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, अधिक दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निरोगी स्वभाव आणि मनोविकार यांमध्ये भिंत नसून उतरण आहे, असेही ते मानीत. हा दुसरा विचार बांध्यांच्या सिद्धांतापेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ ठरला.

सिद्धांताचा पाया खचला तो वयामुळे. छिन्नमनस्कता बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. रुग्णालयांत दिसणारे उन्माद-अवसादाचे रुग्ण सरासरीने अधिक वयाचे असत. आणि चाळिशीनंतर शरीर भरते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. वयाचा हिशेब धरून पुढे तपासणी झाली, तेव्हा हा संबंध बराच क्षीण झाला.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या दशकात हीच वाट पुन्हा चोखाळली. सुमारे ४,००० महाविद्यालयीन तरुणांच्या छायाचित्रांवरून त्यांनी प्रत्येक शरीराला तीन अंगांनी १ ते ७ असे गुण दिले. स्वभावाशी जुळणी आश्चर्यकारक निघाली. मात्र शरीर आणि स्वभाव या दोहोंचे गुण देणारे परीक्षक एकच होते, स्वतः शेल्डन! मनात आधीच ठसलेले चित्र अशा वेळी कागदावर उतरते. त्यांची ‘एक्टोमॉर्फ’, ‘मेसोमॉर्फ’, ‘एंडोमॉर्फ’ ही नावे आज व्यायामशाळांत आणि क्रीडाशास्त्रात उरली आहेत, मनोविकारांच्या निदानात नाहीत.

आपल्याकडील वात, पित्त, कफ या प्रकृतींशी या मांडणीची सांगड घालण्याचा मोह होतो. परंतु ती संकल्पना आयुर्वेदाच्या स्वतंत्र चौकटीतील आहे. तिचा आधार देऊन क्रेश्मर खरे ठरत नाहीत.

शरीर आणि मनोविकार यांचा आज ठाऊक असलेला ठोस संबंध वेगळाच आहे, आणि पुष्कळदा तो उलट दिशेचा असतो. नैराश्यात भूक मरते किंवा बेसुमार वाढते. छिन्नमनस्कतेवरील ओलॅन्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी अनेकांचे वजन लक्षणीय वाढते, रक्तातील साखर आणि चरबीही वाढू शकते. म्हणून औषध चालू असताना वजन, कंबरेचा घेर आणि साखर ठरावीक काळाने मोजावी लागते. घरचे मात्र या लठ्ठपणाला आळस समजून टोमणे मारतात, आणि कंटाळलेला रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतो. मग दबलेला आजार पुन्हा उसळतो. वास्तविक अशा वेळी डॉक्टरांना औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते किंवा आहार-व्यायामाची जोड देता येते; त्यासाठी वाढलेल्या वजनाची गोष्ट त्यांच्या कानांवर वेळेत जावी लागते.