चवदार तळ्याचं सोवळं आणि पटकीचे जंतू

महाडच्या चवदार तळ्याचा विषय निघाला की एक समज हमखास पुढे येतो: पिण्याचं पाणी होतं, स्वच्छतेसाठीच अस्पृश्य मानलेल्यांना लांब ठेवलं असेल. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या तळ्यातलं पाणी ओंजळीनं घेतलं. त्यानंतर काय झालं? तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत पुन्हा तळ्यात ओतलं. स्वच्छतेशी याचा काडीचाही संबंध नव्हता.

पाण्यातून पसरणारी पटकी कशानं होते, हे तोवर कळून चुकलं होतं. रॉबर्ट कॉखनं १८८४मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यातच तिचे जंतू शोधून दाखवले होते. रोग्याच्या मळातून, तळ्याकाठी धुतलेल्या त्याच्या कपड्यांतून ते पाण्यात उतरतात. रोगी कुठल्या आळीतला, हे त्यांना ठाऊक नसतं. पायऱ्यांच्या पाणवठ्यांवर नारू हा कृमिरोगही असाच पसरे. पायावर फोड आलेला माणूस पाण्यात उतरला की फोड फुटून अळ्या बाहेर पडत, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव त्या गिळत आणि न गाळलेल्या घोटाबरोबर त्या दुसऱ्याच्या पोटात जात. दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी हा त्यावरचा खरा उपाय. सोवळ्याची ओढणी तिथे कुचकामी.

तळं खाजगी होतं, हा दुसरा समज. चार-पाच एकरांचं हे तळं नगरपालिकेचं होतं आणि मुसलमानांना तिथे आडकाठी नव्हती.

ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं, असंही अनेकांना वाटतं. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळानं ४ ऑगस्ट १९२३ला मंजूर केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेनं १९२४मध्ये तळं खुलं केलं, पण कागदावरच. मार्च १९२७मध्ये आंबेडकरांच्या महाडमधल्या परिषदेसाठी, गावात एवढं भरलेलं तळं असताना, ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं! ही एवढी नोंद वाचली तरी जीव तुटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये पुन्हा ठरलेल्या सत्याग्रहाला न्यायालयाची मनाई आली. मुंबई उच्च न्यायालयानं बंदीची परंपरा अनादी असल्याचा दावा फेटाळला तो १७ मार्च १९३७ला, पहिल्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी.