टोकियोत मित्राकडे उतरायचं तर

टोकियोच्या पूर्व कडेला, एदोगावा वॉर्डात, निशि-कासाई नावाचं स्टेशन आहे. 2000 सालाच्या सुमारास 'वाय-टू-के'च्या कामासाठी भारतातून संगणक अभियंते टोकियोत गेले, त्यांतले बरेच इथे राहिले. तोझाई लाइन इथून ओतेमाची-निहोनबाशीच्या बँकांपर्यंत गाडी न बदलता नेते. शिवाय 'यूआर'च्या निमसरकारी वसाहतीत घर घ्यायला जामीनदार लागत नाही. परक्या देशात जामीनदार शोधणं किती अवघड, हे भाड्याचं घर शोधलेल्या कुणालाही ठाऊक असेल. 2019 साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातले. तेव्हा पुण्या-मुंबईचं एखादं जोडपं 'टोकियोला मित्राकडे चाललोय' म्हणालं, तर त्यांची बॅग निशि-कासाईच्या आसपास उघडण्याची शक्यता बरीच आहे.

अशा प्रवासाचं निम्मं काम यजमानाच्या गळ्यात पडतं, आणि ते तिकिटाच्या आधी सुरू होतं. हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकाचा व्हिसा वेगळा. मित्राच्या भेटीसाठी अर्ज केला की मित्राचं निमंत्रणपत्र लागतं, मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम लागतो आणि त्याच्या रहिवासाचा दाखला, म्हणजे 'जुमिनह्यो', वॉर्ड ऑफिसातून काढावा लागतो. खर्च तोच करणार असेल तर हमीपत्र आणि उत्पन्नाचे कागदही. नातेवाइकांचं नातं जन्म-विवाहाच्या दाखल्यानं सिद्ध होतं. मैत्रीचा दाखला कुठलं सरकार देणार? म्हणून एकत्र काढलेले फोटो, जुनी पत्रं, मेल जोडायचे. माझं मत विचाराल तर आपला खर्च आपणच दाखवावा. मित्राला त्याच्या पगाराची कागदपत्रं आपल्यासाठी गोळा करायला लावणं बरं दिसत नाही.

"वहिनी, येताना काय आणू?" हा प्रश्न प्रेमाचा आहे, पण उत्तर कस्टम्सला विचारून द्यावं लागतं. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता, पेरण्याजोगं बी यांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, तोही आपल्याकडच्या वनस्पती-संगरोध खात्याचा. हापूसची पेटी हातात घेऊन उतरलात तर ती विमानतळावरच राहील. मांसाचे पदार्थ, अगदी डबाबंदसुद्धा, तसेच अडतात. दळलेला गोडा मसाला, चकल्या, भाकरवडी यांना सहसा कुणी हरकत घेत नाही, मात्र विचारलं की सरळ सांगावं. डाळ-तांदूळ नेण्यात अर्थ नाही; निशि-कासाईत भारतीय किराणा मिळतो. मिक्सर तर मुळीच नको. जपानच्या घरात 100 व्होल्टची वीज असते, आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे रडतखडत फिरेल. फोनच्या चार्जरवर '100-240' छापलेलं असलं की काम भागतं, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

औषधांच्या बाबतीत मात्र गंमत करू नये. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं; त्याचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेताच येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं महिनाभराची चालतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी 'युन्यू काकुनिन-शो' नावाची परवानगी मागवावी लागते. गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट ठेवाव्या. आणि दोघांनी आपापले कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे भरावे. एक बॅग मागे राहिली तरी कुणालाही मित्राच्या टी-शर्टात फिरावं लागत नाही.

तिकीट काढताना स्वस्तपणापेक्षा दोन गोष्टी बघाव्या. पहिली, सगळे टप्पे एकाच तिकिटावर आहेत का? असतील तर सामान शेवटपर्यंत जातं आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगळी तिकिटं असतील तर मधल्या विमानतळावर बॅगा काढून पुन्हा रांगेत उभं राहायचं. दुसरी, टोकियोत उतरण्याची वेळ. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचच्या सुमारापर्यंत गाड्या बंद असतात. रात्री अकराला उतरलात तर इमिग्रेशन आटपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर दूर. तिथून टॅक्सी करणं म्हणजे तिकिटात वाचवलेले पैसे मीटरवर मोजणं. हानेदा जवळ. तिथून मोनोरेलनं हामामात्सुचो, पुढे यामानोते लाइननं टोकियो स्टेशन, मग चालत ओतेमाची आणि तोझाई लाइन. गाडी भुयारातून वर येऊन आराकावा नदी ओलांडते. पूल संपला की निशि-कासाई.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो देताना मुक्कामाचा पत्ता तयार हवा, आणि पत्ता हे प्रकरण वेगळंच. तिथे बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. समजा 5-8-2 लिहिलं आहे, तर पाचवा 'चोमे', त्यातला आठवा ठोकळा, त्यातली दुसरी इमारत. इमारतींचे आकडे रस्त्यावर ओळीनं लागतीलच असं नाही. मित्राकडून पत्ता जपानी लिपीत मागवून कागदावर छापून ठेवा, फोन बंद पडला तरी पोलिस चौकीत दाखवता येतो.

आता झोपेचं. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीरात पहाटेचे साडेतीन असतात, आणि यजमान आंघोळ करून ऑफिसला निघालेला असतो. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं जड. पूर्वेकडे गेलं की नेमकं लवकर झोपायचं असतं. ते रोज साधारण तासभर सरकतं, म्हणजे तीन-चार दिवस लागणार. उजेड हे त्याचं मुख्य साधन, पण तोही वेळ पाहून घ्यावा. शरीराचं तापमान सगळ्यांत कमी असतं त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो, आधीचा मागे ढकलतो. भारतात सातला उठणाऱ्याचा तो क्षण पहाटे साडेचार-पाचचा, म्हणजे टोकियोत आठ-साडेआठ. म्हणून पहिल्या दिवशी उत्साहानं सहाला फिरायला जाणं उलटं पडतं. साडेनऊला बाहेर पडा. दुपारी डुलकी अर्ध्या तासाची, कॉफी दुपारपर्यंतच.

विमानात केबिनचा दाब सहा-आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो आणि हवा अतिशय कोरडी. पाय सुजतात, घसा वाळतो. चार तासांहून लांबच्या बसण्यात पायांत गुठळीचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं. जोडप्यांना खिडकी आणि मधली खुर्ची आवडते. मधलीवरचा जोडीदार उठू शकेल का, ते मात्र कडेच्या अनोळखी माणसाच्या झोपेवर ठरतं.

घरी पोचल्यावर चपला दारातल्या खोलगट जागेत काढायच्या, टोकं बाहेरच्या बाजूला. बाथरूममध्ये अंग आधी टबाबाहेर साबणानं धुवायचं, मग गरम पाण्यात बसायचं, आणि उठताना बूच काढायचं नाही; तेच पाणी घरातल्या पुढच्या माणसाचं असतं. मित्र मराठी असला तरी त्याच्या इमारतीचे नियम जपानी. जळणारा कचरा आठवड्यातल्या ठरलेल्या वारी सकाळीच ठेवायचा, प्लॅस्टिक वेगळ्या वारी. चुकलेली पिशवी तिथेच राहते आणि शेजारी पाहतात ते यजमानाचं तोंड.

परतीचं विमान दीड-दोन तास जास्त घेतं, कारण उंचावरचे पश्चिमी वारे आता समोरून येतात. झोपेला मात्र ही दिशा सोपी. पहिल्या संध्याकाळी आठलाच डोळे मिटतात, दोन दिवसांत घडी बसते. तेव्हा सुट्टीचा जादा दिवस जाण्याच्या बाजूला लावा आणि उतरल्या दुसऱ्या सकाळी खुशाल ऑफिस गाठा.